पडल्याचा वाटा

नांदुऱ्यात गुलाबराव शेटच्या गोदामासमोर माझं बारदान्याचं दुकान आहे. बारदाना म्हणजे रिकामी पोती. रिकामी पोती विकणाऱ्याला लोक फारसं मोजत नाहीत, त्यामुळे माझ्यासमोर सगळे मोकळेपणानं बोलतात आणि मला नको ते सगळं कळतं. गुलाबराव कोणत्या मापाची पोती नेतात आणि ती किती गच्च भरतात, हे मला कोणी सांगायला लागत नाही. हमालाला हमाली मिळते ती पोत्यामागे, वजनामागे नाही. मग पोतं मोठं घ्यायचं, पायानं दाबून भरायचं आणि जास्तीचा माल फुकटात हमालाच्या पाठीवर टाकायचा. पन्नास किलोच्या वर पोतं भरू नये असा नियम आहे. तो नियम शेटच्या ऑफिसात काचेच्या चौकटीत लावलेला आहे, आणि दिवाळीला त्या चौकटीलाही हार घालतात.

कचरू या गोदामात उभं आयुष्य हमाली केलेला माणूस. आता तो माझ्या दुकानाच्या पायरीशी बसून फाटकी पोती शिवतो. मी त्याला बसवलं म्हणून कोणी मला धर्मात्मा समजू नये. त्याचा टाका बारीक असतो आणि मला ते स्वस्तात पडतं.

कचरू मूळचा बीबी गावाकडचा. बाप एका मोठ्या जमीनवाल्याकडे सालगडी होता, वर्षाच्या बोलीवर बांधलेला. मालकाची गुरं, मालकाचं शेत, मालकाचे पाहुणे, सगळ्यांचं करायचं आणि हाक आली की हातातला घास टाकून धावायचं. मालकाचं शेंबडं पोरगंसुद्धा बापाला 'ए' म्हणून बोलवायचं, हे सांगताना कचरू अजून दात खातो. मिसरूड फुटल्याबरोबर तो घरातून निघाला. काही दिवस साखरखेर्ड्याच्या बाजारात काढले आणि मग, जिथं रेल्वे तिथं काम, एवढ्या भरवशावर नांदुऱ्याला उतरला.

इथं त्याला कडूबा मुकादमाची टोळी भेटली. मुकादम म्हणजे ठेकेदार नव्हे. कडूबा स्वतः पोतं उचलायचा, अजूनही उचलतो. फक्त व्यापाऱ्याशी बोलायचं काम त्याच्याकडे. दिवसभरात जी हमाली जमेल तिचे संध्याकाळी सारखे वाटे पडायचे. मुकादमाला वेगळं काही नाही. कुणबी असो, बौद्ध असो, वाटा सारखा आणि दुपारची भाकरीही एकाच फडक्यावर. कचरूचा जीव इथं लागला. लग्नासाठी कलाबाईला बघायला गेला तेव्हा तिच्या बापानं विचारलं, नोकरी कुठं करता. हा म्हणाला, "नोकरी नाई करत. मी वाटेकरी मानूस हाये." कलाबाई हे हसून सांगायची. आता ती हे सांगत नाही.

या टोळीची एक रीत होती. काम करताना कोणी पडला, कुठं मोडला, तर तो उठून उभा राहीपर्यंत त्याचा वाटा चालू राहायचा. बाकीच्यांनी त्याच्या वाटचंही उचलायचं आणि संध्याकाळी त्याचा हिस्सा घरी पोचवायचा. याला ते 'पडल्याचा वाटा' म्हणायचे. रीत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ती पाळायची एक पद्धत होती. माणूस पडला की त्याला उचलायच्या आधी, पाणी पाजायच्याही आधी, जवळ असेल त्यानं त्याच्या कानाशी वाकून म्हणायचं, "तुहा वाटा चालू हाये." पडलेल्या माणसाच्या डोक्यात दुखण्याच्याही आधी घरची चूल येते, हे त्या रीत घालणाऱ्याला कळलं असणार. मी स्वतः असं म्हणताना किती वेळा ऐकलं आहे, आणि पडलेल्या माणसाचा चेहरा ते ऐकून सैल पडतानाही पाहिला आहे.

कचरू पडला तो हरभऱ्याच्या सीझनमध्ये. गोदामात थप्पी उंच लागली होती आणि ट्रकवरून थप्पीवर जायला एक लाकडी फळी टाकलेली होती. फळी शेटची. तिला मधोमध चीर गेलेली, आणि ती चीर माझ्या दुकानातून दिसायची इतकी मोठी. कडूबानं शेटला सांगितलं होतं. शेट म्हणाले, "सीझन निघू दे, मग नवी आणू." पुन्हा सांगितलं तेव्हा म्हणाले, "तुमच्या पायायले आजच काऊन भीती वाटून राह्यली?" सगळे हसले. शेट बोलले की हसायचं असतं.

त्या दुपारी फळी मोडली. कचरू पाठीवरच्या पोत्यासकट खाली आला आणि पोतं त्याच्या कंबरेवर बसलं. भागवत त्याच्या मागंच होता. टोळीत कचरूचा सगळ्यात जवळचा हा भागवत, कुणब्याचा, तोंडानं फटकळ. त्यानं उडी मारली, पोतं ढकललं, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "कचरू, तुहा वाटा चालू हाये बे." मग सगळ्यांनी मिळून त्याला उचललं.

गुलाबराव दवाखान्यात आले. शहाळं घेऊन आले. डॉक्टरला सगळ्यांसमोर म्हणाले, "आपलाच मानूस हाये, काई कमी पडू देऊ नोका." कलाबाईनं पदर सावरून हात जोडले. पुढं अकोल्याला न्यायची पाळी आली, मणक्याचं मोठं काम निघालं, तेव्हा आपल्या माणसाला बघायला शेट काही आले नाहीत. फोन लावला तर मुनीम म्हणायचा, शेट पूजेला बसलेत. इतकी पूजा आमच्या नांदुऱ्यात दुसरं कोणी करत नाही.

कचरू परत आला तो काठी घेऊन. वाकता येईना, ओझं तर सोडाच. टोळीनं वाटा सोडला नाही. सीझन गेला, दुसरा आला, भागवत दर संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन हिस्सा कलाबाईच्या हातात द्यायचा. रीत होती 'उभा राहीपर्यंत' अशी, आणि कचरू धड उभा राहणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. तरी कोणी तोंडातून शब्द काढला नाही. पण कलाबाईला ते घेताना लाज वाटायला लागली. तिनंच प्रसेनजितला गाठलं.

प्रसेनजित तिच्या माहेरकडचा, नवा वकील. त्यानं सगळं ऐकलं आणि सांगितलं, "काकू, जागा शेटची, फळी शेटची, माल शेटचा, काम शेटच्या धंद्याचं. मधी मुकादम असो का कोनी असो, भरपाई शेटलेच द्या लागते. हे भीक नाई. कायदा हाये."

कचरू मात्र अडून बसला. अर्जात लिहावं लागणार होतं की मी गुलाबराव शेटकडे कामगार होतो. "म्हंजे नोकर ना?" तो म्हणाला. "बाप नोकर मेला. मी नाई लिहून देत." यावर कलाबाई जे बोलली ते तिनं मला स्वतः सांगितलं आहे. ती म्हणाली, "भागवतभाऊच्या लेकरायच्या तोंडचं आपन खाऊन राह्यलो. त्यापेक्षा शेटचे नोकर व्हा." मग त्यानं सही केली.

शेटकडून लेखी उत्तर आलं. सदर इसम आमच्याकडे कधीही कामास नव्हता, आम्ही सदर इसमास ओळखत नाही. हे वाचून माझं डोकं भणाणलं. ज्याच्या नावानं रोज सकाळी गोदामाच्या दारातून ओरडायचे, ज्याच्या पोरीच्या बारशाचे पेढे खाल्ले, तो सदर इसम. दुपारी शेट पोत्यांच्या भावासाठी घासाघीस करायला माझ्याकडे आले, आणि त्या दिवशी मी त्यांना एक पैसा सोडला नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

साक्षीच्या दिवशी कचरूला कोर्टात मी नेलं, कारण त्याला एसटीच्या बाकावर बसवत नव्हतं. माझ्या मालाच्या गाडीत पोत्यांची गादी करून त्याला आडवा टाकला. प्रसेनजितनं त्याला चांगलं पढवलं होतं. फळीचं सांग, चीर सांग, कडूबानं शेटला सांगितलं होतं ते सांग. कचरूनं सगळं सांगितलं, न चुकता, आणि 'शेटचा कामगार' हे शब्दही घशातून कसेबसे बाहेर काढले. मला वाटलं, जमलं.

मग शेटचे वकील उठले. वयस्कर, गोड बोलणारे. त्यांनी फळीचं नावही काढलं नाही. काळजीनं विचारावं तसं विचारलं, "कचरूजी, इतके दिवस तुम्ही अंथरुणावर होतात. मग घर कसं चाललं हो?"

इतक्या मोठ्या माणसानं त्याला कधी 'जी' म्हटलं नव्हतं. आणि विचारलेलं होतं ते त्याच्या सगळ्यात अभिमानाचं. कचरू खुलला. काठी सोडून दोन्ही हातांनी कठडा धरून त्यानं पडल्याचा वाटा काय असतो ते सांगितलं. भागवतनं आधी कानात काय म्हटलं ते सांगितलं, सीझन गेला तरी वाटा कसा थांबला नाही ते सांगितलं. "असे मानसं नाई भेटत साहेब," म्हणाला. प्रसेनजित खाली मान घालून कपाळ चोळत होता. मी मूर्खासारखा हरखून ऐकत होतो.

"म्हणजे कामावर नसतानाही तुम्हाला पगार देत होती ती टोळी," वकील म्हणाले.

"पगार नाई साहेब. वाटा."

"बरं, वाटा. शेटनं असं कधी काही दिलं?"

"शेटनं? शेट काय देते. टोळीनंच देल्लं."

"हेच मला हवं होतं," असं ते म्हणाले नाहीत. ते 'धन्यवाद' म्हणून खाली बसले.

पुढच्या तारखेला शेटचा अर्ज आला. या माणसाला काम देणारी, पैसे देणारी आणि आजारपणात सांभाळणारी टोळी आहे, सबब कडूबा मुकादम हा ठेकेदार आहे. आमच्यावर भरपाई बसलीच तर ती त्याच्याकडून आणि त्याच्या टोळीकडून वसूल करण्याची मुभा मिळावी. कडूबाच्या हातात नोटीस पडली. कडूबाला वाचता येतं, पण त्यानं ती माझ्याकडून वाचून घेतली, बहुतेक आपलं वाचण्यात काही चुकलं असेल या आशेनं. त्यात काही चुकलेलं नव्हतं.

टोळी कचरूच्या घरी गेली. मीही गेलो, प्रसेनजितला कलाबाईनं बोलावून घेतलं होतं. कोणी भांडायला आलेलं नव्हतं. सगळे ओट्यावर टेकले. कलाबाईच आधी बोलली.

"त्याईनं कोर्टात सांगतलं, ते खोटं हाये का कडूबादादा?"

"खरं हाये, बाई," कडूबा म्हणाला. "म्हनूनच आलो."

प्रसेनजित कळकळीनं समजावत होता. कडूबादादा ठेकेदार नाहीत हे आपण सिद्ध करू, ते स्वतः पोतं उचलतात, सारखा वाटा घेतात. हा नुसता भेडसावायचा डाव आहे, लढलो तर टिकणार नाही.

"आन टिकला तर?" कडूबानं विचारलं.

प्रसेनजित प्रामाणिक पोरगा. म्हणाला, "खात्री देता येत नाई."

"शेटनं निरोप धाडला हाये," कडूबा म्हणाला. "केस काढली नाई त सोमवारपासून दुसरी टोळी लावतो म्हनते. कचरू, आमी तुले काई म्हनत नाई. तुहं तू पाह्य."

एवढा फटकळ भागवत, पण खाली बघून बोटानं ओट्याची माती उकरत होता. कचरूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि प्रसेनजितला म्हणाला, "काढून घे केस." कलाबाई उठून आत गेली. जाताना म्हणाली, "शेटनं पाठ मोडली, आता हात तुमी सोताच तोडून देल्ले." ती बरोबर बोलत होती आणि कचरूही बरोबर होता. दोघं बरोबर असून शेटचाच फायदा व्हावा, याची मला अजून चीड येते.

केस निघाल्यावर गुलाबरावांचं मन पुन्हा मोठं झालं. चौकात चारचौघांत म्हणाले, "कचरू आपला जुना मानूस. गैरसमज झाला होता." गोदामात लोखंडी फळीही आली. नव्या फळीची पूजा केली, नारळ फोडला आणि प्रसाद कचरूच्या घरीही पाठवला. कलाबाईनं तो गायीपुढे टाकला.

त्या साली दसऱ्याला टोळीनं नेहमीप्रमाणे पोती ओढायचे आकडे धुऊन, गंधफूल लावून ओळीनं मांडले. कचरूचा आकडाही दरवर्षी त्या ओळीत असायचा, तो पडल्यानंतरसुद्धा. पूजा झाल्यावर कडूबानं तो उचलून कचरूच्या हातात दिला.

"घरी ठेव," म्हणाला. "आता कोनाचाच वाटा नाई चालवाचा, असं ठरलं सगळ्यायचं. वाटा देल्ला का आपन मालक होतो म्हनते. उद्या आनखी कोनी पडला, त्याचंही आपल्याच गळ्यात पडीन. ज्यानं त्यानं आपलं पाहावं."

कचरूनं आकडा घेतला, पिशवीत टाकला आणि माझ्या पायरीवर येऊन बसला. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, "काई नाई रामरावभाऊ. सुई द्या." मी दिली. माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं, आणि असतं तर मी दिलं असतं की नाही, सांगता येत नाही.

त्यानंतर टोळी तशी तीच होती. वाटे अजूनही सारखेच पडतात. पण भाकरीच्या एका फडक्याची दोन झाली, दोनाची चार झाली. पूर्वी एखाद्याच्या पाठीवर जड पोतं आलं की मागचा हात लावायचा. आता जो तो आपल्या पायाखाली बघून चालतो. लोखंडी फळीवरूनसुद्धा.

यंदा सोयाबीनच्या सीझनमध्ये, भरदुपारी, गोदामाच्या दाराशी लावलेल्या थप्पीवरचं एक पोतं घसरलं. ते माझ्याकडचंच मोठ्या मापाचं पोतं, तोंडापर्यंत ठासलेलं. खाली भागवत होता. पोतं त्याच्या मांडीवर आलं आणि हाड मोडल्याचा आवाज रस्त्याच्या या बाजूला आम्हाला ऐकू आला. टोळीनं पोतं ओढून काढलं. मग सगळे त्याच्याभोवती उभे राहिले, अगदी पूर्वीसारखे, आणि कोणी वाकलं नाही.

भागवत पाठीवर पडून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. तो कशाची वाट बघतोय हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. कडूबा पोत्याकडे बघत होता. म्हणाला, "रिक्षा बोलवा." ऑफिसाच्या दारात गुलाबराव आले, चपला शोधत. "दवाखान्यात न्या लवकर," म्हणाले, "आपलाच मानूस हाये."

ते ऐकून भागवतनं मान आमच्याकडे वळवली. रस्त्यापलीकडे पायरीवर कचरू हातात सुई धरून उभा राहायची धडपड करत होता.

"कचरू," भागवत ओरडला, "तू तरी म्हन बे."

कचरू काठी टेकत रस्ता ओलांडून गेला. त्याला वाकता येत नाही. म्हणून त्यानं काठी बाजूला टाकली, भिंतीला पाठ लावली आणि तसाच घसरत जमिनीवर बसला. तेवढ्यातही तो कण्हला. मग भागवतच्या कानाशी तोंड नेऊन, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "तुहा वाटा चालू हाये."

कोर्टात एकदा खरं बोलून सगळं घालवून बसलेला माणूस तो. त्या दिवशी तो खोटं बोलला, आणि तिथं उभ्या असलेल्या एकालाही ते खरं करायचं धैर्य झालं नाही. भागवतनं डोळे मिटले. रिक्षा आल्यावर टोळीनं त्याला उचलून आत घातलं, आणि मग कचरूलाही दोघांनी धरून उठवलं, कारण त्याला आपलं आपण उठता येत नव्हतं.